वहिनीची जपानी कॅसेट

सरोजिनी नगरच्या मार्केटमध्ये खुराना फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे फोटो आणि नव्यानेच सुरू केलेलं लग्नाचं व्हिडिओ शूटिंग. १९८६ च्या फेब्रुवारीत एका सकाळी माझी वहिनी त्या दुकानात शिरली आणि म्हणाली, "मुझे शूटिंग करवानी है."

"मुबारक हो जी! लड़के की शादी या लड़की की?" खुरानांनी विचारलं.

"शादी नहीं. सिर्फ बातचीत. जापानी में."

मी तिच्याबरोबर होतो, त्यामुळे खुरानांचा चेहरा मी पाहिला. त्यांनी आधी वहिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घरचं माणूस म्हणून मी काही खुलासा करीन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी नुसती मान हलवली. बाईंची तब्येत बरी नसावी असं तेव्हा वाटलं होतं, हे त्यांनी पुढे कितीतरी वेळा हसत हसत कबूल केलं.

वहिनीचं नाव हेमलता टिपणीस. माझा थोरला भाऊ श्यामकांत केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर होता आणि सरोजिनी नगरच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये तो, वहिनी आणि त्यांची छोटी अलका राहत. मला कृषी भवनात नोकरी लागली तेव्हा मीही बाडबिस्तरा घेऊन तिथेच आलो आणि माझं लग्न होईपर्यंत तिथेच राहिलो. त्यामुळे हे सगळं मी जवळून पाहिलेलं आहे.

वहिनी मूळची पुण्याची. कॉलेजात असताना तिने संध्याकाळच्या जपानीच्या वर्गाला नाव घातलं. कारण विचारलं तर ती खरं तेच सांगायची, "जर्मनच्या वर्गात जागा उरली नव्हती." पण एकदा धरलेलं सोडायचं नाही हा तिचा स्वभाव. होत्या नव्हत्या त्या सगळ्या परीक्षा तिने दिल्या. मग लग्न झालं, दिल्ली आली, अलका झाली आणि जपानी भाषा जवळजवळ दहा वर्षं फक्त स्वयंपाकघरात उरली. वहिनी पोळ्या जपानीत मोजायची. मी जेवायला बसलो की इचि, नि, सान असं चालायचं आणि 'गो'च्या, म्हणजे पाचाच्या, पुढे गेलं की दादा माझ्याकडे बघून हसायचा.

मग गुडगावला मोटारींचे पत्र्याचे भाग करणारा एक कारखाना निघाला. जपानी कंपनीची भागीदारी, जपानी इंजिनिअर. इथल्या कामगारांना सहा सहा महिने तिकडे शिकायला पाठवायचं ठरलं आणि त्यांना कामापुरतं जपानी शिकवायला कुणीतरी हवं होतं. पेपरातली जाहिरात दादानेच वाचून दाखवली. मुलाखतीला एक जपानी साहेब होता. तो वहिनीचं बोलणं ऐकून म्हणाला, "तुमचं जपानी अगदी पुस्तकासारखं आहे." वहिनी त्या दिवशी येताना पेढे घेऊन आली. ती काही स्तुती नव्हती हे तिला वर्षभराने कळलं.

धौला कुआँवरून कारखान्याची बस सुटायची. वहिनी साडी नेसून, खांद्याला पिशवी लावून त्या बसमध्ये चढायची आणि दुपारी कँटीनमागच्या एका खोलीत वर्ग घ्यायची. समोर हरयाणाच्या गावांमधून आलेली तरणीताठी मुलं. हे पेन आहे, ते पुस्तक आहे, मी भारतातून आलो, असे धडे. मुलं हुशार होती, खडाखडा म्हणून दाखवायची. पहिली बॅच जपानला गेली तेव्हा त्यांनी विमानतळावर वहिनीला सामुदायिक जपानी नमस्कार केला. वहिनीने तो आनंद आठवडाभर पुरवून पुरवून वापरला.

ही बॅच परत आली ती एक तक्रार घेऊन. तिकडच्या कारखान्याने लिहिलं होतं की तुमची माणसं मेहनती आहेत, पण त्यांना काहीच समजत नाही. नमुन्यादाखल एक प्रसंगही कळवला होता. सतबीर नावाच्या मुलाने एक महागडा साचा फोडला होता. वहिनीने त्याला वर्गात बोलावून विचारलं.

सतबीर उभा राहिला. सहा फुटी देह, पण मान खाली. "मैडम, मैंने पूछा, मशीन चलाऊँ? वो बोला, चोत्तो. आपने सिखाया था, चोत्तो मतलब थोड़ा. तो मैंने थोड़ी चला दी."

वर्ग हसला. वहिनी हसली नाही.

सेठी नावाचे पर्सोनेलचे साहेब होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्यावर वरून दडपण होतं. त्यांनी वहिनीला बोलावून सांगितलं की दुसरी बॅच जाईपर्यंत वर्ग चालू ठेवू, त्यानंतर बंद. पुढे तिकडेच एखादा दुभाषा ठेवू.

त्या संध्याकाळी वहिनी घरी आली आणि चपला न काढताच खुर्चीवर बसली. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि फायलीत टिपण करावं तशा आवाजात विचारलं, "शब्दकोशात चोत्तोचा अर्थ काय दिलाय?"

"थोडं."

"मग तुझी चूक काय?"

"हीच," वहिनी म्हणाली.

मग तिने आम्हाला समजावलं. जपानी माणूस तोंडावर 'नाही' म्हणत नाही. तो मान जराशी कलती करतो, दातांतून श्वास आत ओढतो, "चोत्तो..." म्हणतो आणि वाक्य अर्धवट सोडून देतो. तो पक्का नकार असतो. "पुस्तकात तिथे तीन टिंबं असतात," वहिनी म्हणाली. "मी पोरांना शब्द शिकवला आणि टिंबं सोडून दिली. ती टिंबं फळ्यावर कशी काढायची सांगा! मी स्वतः तरी कुठे जपान पाहिलाय?"

ते खरंच होतं. जपानी शिकवणारी माझी वहिनी तोवर फार तर आग्र्यापर्यंत गेली होती.

यावर उपाय सापडला तो शेजारच्या चोप्रांच्या घरी. त्यांच्या मुलीच्या लग्नाची कॅसेट आली होती. रविवारी दुपारी भाड्याचा व्हीसीआर आणून त्यांनी सगळ्या ब्लॉकला बोलावलं. कॅसेट लावली आणि आवाजच येईना. वायरी हलवून झाल्या, टीव्हीला थपडा मारून झाल्या. शेवटी मुक्याने बघायचं ठरलं. आणि गंमत अशी की कुणाचं काही अडलं नाही. "देखो देखो, फूफाजी रूठ गए!" "अरे, ये तो खाने पे नाराज़ हैं!" "नहीं जी, कुर्सी पीछे मिली, इसलिए!" बायका एकमेकींच्या वरताण आवाजात सांगत होत्या. चोप्राबाईंनी कबूल केलं की खरंच, खुर्ची मागे मिळाली म्हणून फूफाजी, म्हणजे नवरीच्या आत्याचे यजमान, जेवायचे थांबले होते.

मी हसून हसून बेजार झालो होतो. वहिनी मात्र पडद्यावरची नजर काढत नव्हती. जिना उतरताना म्हणाली, "विनायक, आवाज नव्हता. तरी फूफाजी का रुसले ते सगळ्यांना कळलं."

"हो. मग?"

"मग काय! हेच तर हवंय मला."

दुसऱ्या दिवशी आम्ही खुरानांच्या दुकानात होतो.

जपानी बोलणारी माणसं कुठून आणायची हा पुढचा प्रश्न. कारखान्यातल्या हिरानो नावाच्या इंजिनिअरची बायको वसंत विहारला राहायची. वहिनीची तिच्याशी ओळख आमच्या मार्केटमध्येच झाली होती. एका गाड्यावर एक जपानी बाई सुती कापडाचे वार स्वतःशी मोजत होती आणि वहिनीने मागून पुढचा आकडा जपानीत म्हटला. त्या बाईच्या हातातून कापडच पडलं. तेव्हापासून दोघींची मैत्री. वहिनी तिला भाव करायला शिकवायची आणि ती वहिनीला तिच्या पुस्तकी जपानीतले जुनेपुराणे शब्द हळूच बदलून द्यायची.

हिरानोबाई चहाला आल्या तेव्हा वहिनीने कॅमेऱ्याची गोष्ट काढली. बाईंचा चेहरा गोरामोरा झाला. त्यांनी मान कलती केली, दातांतून श्वास ओढला आणि हळूच म्हणाल्या, "चोत्तो..."

वहिनीने टाळीच वाजवली. "हेच! अगदी हेच! हे एवढंच कॅमेऱ्यासमोर करा!"

हिरानोबाईंना आधी कळेना, मग कळलं तेव्हा त्या तोंडावर हात धरून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग नकार द्यायला जागाच उरली नाही. पुढच्या रविवारी नवऱ्याला आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनाही घेऊन येते असं त्यांनी कबूल केलं.

दादाची वेगळीच काळजी. "सरकारी क्वार्टरमध्ये परदेशी माणसांचं शूटिंग करायला परवानगी लागते का, बघायला हवं." दोन संध्याकाळी तो नियमांची पुस्तकं घेऊन बसला. क्वार्टरमध्ये म्हैस पाळायला मनाई आहे, पोटभाडेकरू ठेवायला मनाई आहे, पण जपानी बोलायला मनाई आहे असं कुठेही सापडलं नाही. तेव्हा त्याने पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "चलो. माझ्याकडून मंजूर."

त्या रविवारचा गोंधळ मी जन्मात विसरणार नाही. खुराना खांद्यावर कॅमेरा, कमरेला रेकॉर्डरची पेटी आणि हातात लग्नातली ती डोळे दिपवणारी बत्ती घेऊन आले. बत्ती लावली आणि फ्यूज उडाला. आमचाच नव्हे, खालच्या मजल्याचाही. तेव्हापासून दादा फ्यूजच्या तारेचं बंडल घेऊन जिन्यात मीटरपाशी उभा राहिला तो शूटिंग संपेपर्यंत. समोरच्या खोलीचा वहिनीने कारखाना केला होता. तिचं शिवणयंत्र म्हणजे प्रेस मशीन. हिरानोसाहेब वरिष्ठ आणि त्यांचा एक सहकारी नवा कामगार. वहिनीने प्रसंग सांगायचा आणि त्यांनी आपल्या मनाने, रोज बोलतात तसं बोलायचं. पुस्तकातलं एक वाक्य नको, असं वहिनीने बजावलं होतं.

खुरानांना मात्र गप्प राहवत नव्हतं. "मैडम जी, थोड़ा शरमाइए. चेहरा इधर. भाई साहब, आप मैडम की तरफ प्यार से देखिए." वहिनी भाषांतर करत नव्हती हे नशीब.

असे लहान लहान प्रसंग झाले. प्रत्येक जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. क्लिप म्हणजे तेव्हा आमच्या घरी केसांना लावायचा चिमटा. वहिनी त्यांना 'तुकडे' म्हणायची. नकाराचा तुकडा. समोरचा बोलत असताना जपानी माणूस 'हाइ, हाइ' म्हणतो म्हणजे तो होकार नव्हे, मी ऐकतोय एवढंच, हे दाखवणारा तुकडा. आणि वरिष्ठ रागावलाय पण एक शब्द बोलत नाही, असाही एक.

खुरानांनी आठवड्याने कॅसेट आणून दिली. लावून बघतो तर हिरानोबाई मान कलती करून 'चोत्तो' म्हणताहेत आणि त्यांच्याभोवती गुलाबाच्या फुलांची चौकट फिरते आहे.

"खुरानाजी, ये क्या है?" वहिनी किंचाळली.

"फ्री में डाला है, बहनजी," खुराना अभिमानाने म्हणाले.

गुलाब काढायचे तर सगळं परत करावं लागलं असतं. गुलाब राहिले.

कारखान्याच्या पाहुण्यांच्या खोलीत टीव्ही होता. व्हीसीआर वहिनीने मिळवला. सेठीसाहेब म्हणाले, "मिसेस टिपणीस, आप क्लास में पिक्चर दिखाएँगी?" वहिनी म्हणाली, "साहेब, तुम्ही वर्ग बंद करणारच आहात. मग तोवर माझ्या पद्धतीने करू द्या." त्यांनी नाइलाजाने मान हलवली.

दुसऱ्या बॅचमध्ये एक वयाने मोठा विद्यार्थी होता, मारुतराव. माण तालुक्यातला माणूस, फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. पालमला खोली घेऊन बायको द्वारकाबाईंबरोबर राहायचा. वर्गात बाई मराठी निघाल्या म्हणून त्याला केवढा आधार वाटला होता! पण जपानीचं नाव काढलं की हात जोडायचा. "बाई, माझ्या जिभेला हिंदी बसायला वीस वर्षं लागली. आता हे कुठं?"

वहिनीने त्या दिवशी फळ्याला पाठ केली. टीव्ही लावला आणि आवाज बंद केला. "कोई बोलेगा नहीं. सिर्फ देखो. क्या हो रहा है?"

पडद्यावर हिरानोसाहेब शिवणयंत्राशेजारी हात मागे बांधून उभे. समोरचा माणूस काहीतरी दाखवतोय. साहेब बघतात, काही बोलत नाहीत, ओठ मिटलेले.

कुणी म्हणालं खूश आहेत, कुणी म्हणालं विचार करताहेत. मारुतराव मागून बोलला, "बाई, हा मानूस पेटलाय. आमच्या सुभेदारसाहेबांचं असंच हुतं. वरडले तर बरं. गप बसले की मेलो."

"शाबास मारुतराव!" वहिनी म्हणाली आणि मग तिने आवाज चालू केला. अर्थ आधी कळलेला होता, त्यामुळे शब्द आपोआप जागेवर जाऊन बसले. मग तोच तुकडा पुन्हा, थांबवून थांबवून. मग प्रत्येकाने उठून ते करून दाखवायचं, मान, श्वास, हात सगळ्यासकट. हरयाणाचे पहिलवानी गडी दातांतून श्वास ओढून 'चोत्तो' म्हणू लागले. बाहेरून जाणारे खिडकीत थांबायचे. सतबीरही परत त्या वर्गाला बसला होता. त्याने नकाराचा तुकडा पाहिला आणि कपाळावर हात मारला. "हे भगवान! ये तो साफ मना कर रहा है!"

एका तुकड्यात हिरानोसाहेब चालता चालता थबकतात, मान तिरकी करतात आणि अगदी हळू, स्वतःशीच म्हणतात, "आरे?"

मारुतराव उडालाच. "बाई! हा तर मराठी बोलतोय!"

सगळा वर्ग हसला, वहिनीही हसली. मग म्हणाली, "शब्द आपल्यासारखा, पण काम वेगळं. आपण अरे म्हणून हाक मारतो, हा हाक मारत नाही. याच्या डोळ्याला काहीतरी खटकलंय. काय ते अजून त्यालाही माहीत नाही. मशीनपाशी असा आवाज कानावर आला की हात थांबवायचे. विचारायचं नंतर." आणि तो तुकडा तिने पुन्हा पुन्हा दाखवला, इतका की पुढे मुलं कँटीनमध्ये डाळीत खडा लागला तरी 'आरे?' म्हणायची.

उन्हाळा सरताना सतबीरसकट बॅच जपानला गेली. वहिनी विमानतळावर गेली नाही. मला म्हणाली, "मागच्या वेळी नमस्काराला भुलले. या वेळी ते काय घेऊन येतात ते बघू."

सप्टेंबरात हिरानोसाहेब स्वतः आमच्या घरी आले, बायकोला घेऊन. बसले नाहीत. उभ्यानेच वहिनीला इतकं कमरेतून वाकून वंदन केलं की वहिनी घाबरली. कुणाचं काही बरंवाईट झालं की काय? मग त्यांनी तिकडून आलेली हकीकत सांगितली. आमच्यापर्यंत ती तुकड्यातुकड्यांनी पोचली. पण मारुतराव परत आल्यावर पुरणपोळीच्या जेवणाला बसला तेव्हा त्याने सांगितली तशीच मी ती सांगतो.

"साचा बदलायचं काम चाललं हुतं. साखळीनं वर धरलेला, हा एवढा जड. सतबीर खाली हात घालून बसवत हुता. मी बटनापाशी. ओगावा म्हनून एक म्हातारा हाय तिथला, तो बाजूला उभा. त्यानं वर पाहिलं, मान अशी केली आनि म्हनाला, आरे? एवढंच, बाई. तोंडातल्या तोंडात. शेजारच्याला पन ऐकू गेलं नसंल. मी लाल बटन दाबलं आनि जोरात वरडलो, हात काढ!"

"कुठल्या भाषेत ओरडलात?" दादाने विचारलं.

"कुठल्या म्हंजे? मराठीत! जीव चाललाय आनि मी काय जपानी जुळवत बसू?"

"आणि सतबीरला कळलं?"

"कळलं की. काढले त्यानं हात. आनि काढले न काढले तोच साखळी एका बाजूनं सुटली आनि साचा धाडदिशी खाली. हात तिथं असते तर..." मारुतरावाने पुढचं बोलायचं सोडून दिलं. द्वारकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. वहिनी पोळपाटापाशी लाटणं हातात धरून तशीच उभी होती.

म्हाताऱ्या ओगावाने नंतर मारुतरावाचे दोन्ही हात धरले होते. तिथल्या साहेबांनी त्याला बोलावून विचारलं की साखळी तुला दिसत नव्हती, मग तुला समजलं कसं? मारुतरावाला लांब वाक्य जमेना. तो दोनच शब्द बोलला. "सेन्सेइ. बिदेओ." सेन्सेइ म्हणजे गुरू, आणि बिदेओ म्हणजे आपला व्हिडिओच.

ही सगळी हकीकत सेठीसाहेबांपर्यंतही पोचली होती. ते एक दिवस वर्गात येऊन मागच्या बाकावर बसले. तास संपल्यावर वहिनीजवळ आले. "मिसेस टिपणीस, मैंने क्लास बंद करने को कहा था ना?"

"हो."

"वो भूल जाइए. टीव्ही कितने इंच का चाहिए, बताइए."

वर्ग चालू राहिला. वाढला. दुसऱ्या कारखान्यांनी वहिनीला बोलावलं. खुरानांनी कॅसेटच्या प्रती काढल्या आणि त्या प्रतींच्या प्रती कुणी काढल्या ते देवाला ठाऊक. फरिदाबादला, नोएडाला, कुठे कुठे त्या फिरत होत्या. काही वर्षांनी हिरानोबाई दिल्लीला पुन्हा आल्या तेव्हा हॉटेलच्या काउंटरवरचा मुलगा त्यांना बघून ताडकन उभा राहिला. "मॅडम, आप गुलाबवाली हैं ना?" बाईंना तो प्रसंग इतका आवडला की त्यांनी तो आईला फोन करून सांगितला.

१९९१ मध्ये कारखान्याने वहिनीला जपानला पाठवलं. तिथल्या खऱ्या कामाचे, खऱ्या माणसांचे तुकडे करून आण, असं सांगून. कॅमेरा चालवायला खुरानांनी शिकवलं. हात हलू द्यायचा नाही, श्वास रोखून धरायचा, आणि "बहनजी, लोगों को शरमाने को मत बोलना," असं वरून सांगितलं. विमानतळावर ते झेंडूचा हार घेऊन आले होते. दादा सुटकेसची कुलपं पुन्हा पुन्हा तपासत होता. चाळिशी ओलांडलेली माझी वहिनी पहिल्यांदा विमानात बसत होती, आणि ज्या भाषेत तिने शेकडो माणसांना बोलतं केलं त्या भाषेच्या देशात पहिल्यांदा पाऊल टाकणार होती.

तिचा फोन आला तो पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी. मला वाटलं काय काय सांगेल. ती म्हणाली, "विनायक, नागोयाजवळ एका गावात भाजी विकणारी एक आजी भेटली. ती माझ्याशी भडाभडा बोलली आणि मला तिचा एक शब्द कळला नाही! गावाकडची बोली, यार!" वहिनी एरवी यार म्हणत नसे. "आणि आनंद असा झाला म्हणून सांगू! म्हणजे अजून सगळं शिकायचंच आहे. मी तिला विचारलं, पुन्हा बोलाल का, आणि कॅमेरा चालू केला."

तो आजीचा तुकडा मी पाहिलाय. हातात मुळा धरून ती बोलते आहे आणि मागे वहिनीचं हसू ऐकू येतं. वहिनी तो प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या दिवशी दाखवायची. म्हणायची, "यातलं मलाही पहिल्यांदा काही कळलं नव्हतं. चला, बसा."

पुढची वर्षं भराभर गेली. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, मग सगळं फोनवर आलं. अलकाने ते जुने तुकडे फोनवर चढवून दिले. वहिनीने शिकवलेली माणसं सुपरवायझर झाली, मॅनेजर झाली, काहींनी ओसाकाला संसार थाटले. गेल्या काही वर्षांत वृद्धांची शुश्रूषा करायला जपानला जाणाऱ्या मुली तिच्याकडे येऊ लागल्या. त्यांच्यासाठी तिने नवे तुकडे केले. म्हातारा माणूस 'दाइज्योबु, ठीक आहे' म्हणतो तेव्हा तो खरंच ठीक आहे, की दुखणं लपवतोय, हे ओळखायचे तुकडे. त्यात म्हाताऱ्याचं काम दादाने केलंय. त्याला फक्त कण्हायचं होतं, आणि ते त्याने फारच मन लावून केलं.

मी सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं काढली. हजारो फायली माझ्या हाताखालून गेल्या. त्यातली एक तरी कुणाच्या उपयोगी पडली का, मला सांगता येणार नाही. पण आमच्या क्वार्टरच्या समोरच्या खोलीत, शिवणयंत्राशेजारी जे घडलं त्याने एका माणसाचे दोन्ही हात वाचले, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगतो. ते घडवणारी बाई माझी वहिनी आहे, हेही आवर्जून सांगतो.

दादा आणि वहिनी आता गुरुग्रामला अलकाजवळच्या सोसायटीत राहतात. वहिनीने पंचाहत्तरीला वर्ग बंद केले. आम्हाला वाटलं, आता तरी ती स्वस्थ बसेल. तर तिने कोरियन भाषेच्या वर्गाला नाव घातलं. शिकवणारी मुलगी तिच्या नातीच्या वयाची. वहिनी पहिल्या बाकावर बसते आणि फोनवर आलेले तुकडे घरी दहा दहा वेळा बघते. दादा तक्रार करतो की चहा मागितला तर उत्तर कुठल्या भाषेत येईल याचा भरवसा नाही.

परवा तिची पहिली परीक्षा होती. मी आणि दादा बाहेर बाकावर बसलो होतो. ती बाहेर आली तेव्हा दादाने विचारलं, "पेपर कसा गेला?"

"लिहायला ठीक. ऐकायच्या भागात दोनदा फसले," ती म्हणाली. "व्हिडिओ न लावता नुसता आवाज ऐकवतात. मी मॅडमला सांगून आलेय, हे बरोबर नाही."

"काय म्हणाल्या मॅडम?"

"विचार करते म्हणाल्या."

आम्ही मेट्रोने परत निघालो. समोरच्या सीटवर दोन तरुण कोरियन इंजिनिअर बसले होते, एकमेकांशी हळू आवाजात बोलत. वहिनी पर्स मांडीवर घेऊन सरळ बसली होती, नजर खिडकीकडे. पण मी तिला पन्नास वर्षं ओळखतो, तिचे कान कुठे होते ते मला दिसत होतं. दोन स्टेशनं गेली. अचानक तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटलं.

"काय म्हणाला तो?" दादाने तिच्या कानाशी जाऊन विचारलं.

"थांबा हो," वहिनीने त्याचा हात दाबला. "त्याचं अजून पुरतं बोलून झालेलं नाही."